तांदळातील आर्सेनिक आणि जनुके

पश्चिम बंगाल व बांगलादेशात आर्सेनिकयुक्त भूजलावर उन्हाळी 'बोरो' भात घेतला जातो. असा तांदूळ दीर्घकाळ खाण्यात आल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. पाणी साचलेल्या खाचरात प्राणवायूअभावी मातीतील आर्सेनिक मोकळे होते आणि सिलिकॉनसाठी असलेल्या वाटेनेच मुळांत शिरते. 'एलएसआय-१' व 'एलएसआय-२' या जनुकांची प्रथिने त्याची वाहक असतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. 'एलएसआय-२' निकामी झाल्यास दाण्यातील आर्सेनिक घटते. मात्र सिलिकॉनही अडल्याने उत्पादन घसरते. २०१४ मध्ये 'ओएसएबीसीसी-१' या जनुकाचे कार्य उलगडले. ते खोडाच्या पेरांतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये आर्सेनिक कोंडून दाण्याकडे जाणारे प्रमाण कमी करते. सुरक्षित वाणांच्या शोधात म्हणूनच त्याला महत्त्व आहे.