ब्रेकचा लाल दिवा : गॅरेजपूर्वीची घरगुती तपासणी

कोरमंगला (बंगळुरू) : सोनी वर्ल्ड चौक, इजिपुरा आणि पुढे सिल्क बोर्ड या टप्प्यात मोटारचालकाचा पाय ब्रेकवरून क्वचितच उठतो. अशा वाहतुकीत ब्रेक पॅड लवकर झिजतात आणि एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर वर्तुळातील उद्गारचिन्हाचा लाल दिवा पेटलेला दिसतो. येथून सणासुदीला मोटारीने पुणे, साताऱ्याकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दिवा दुर्लक्षून चालणार नाही. सुमारे ८४० किलोमीटरच्या या मार्गावर खंबाटकी घाट आहे आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा तीव्र उतार आहे. याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकच्या धडकेने अनेक वाहनांचे नुकसान झाले होते.

प्रारंभी दिव्याचा रंग पाहावा. लाल दिवा हँडब्रेक, ब्रेक ऑइलची पातळी किंवा मूळ ब्रेक यंत्रणेतील दोष सूचित करतो. ‘एबीएस’ अक्षरांचा पिवळा दिवा केवळ चाके न अडकू देणाऱ्या प्रणालीपुरता असतो. तो लागला तरी साधे ब्रेक सामान्यतः काम करतात. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर चाकाजवळील सेन्सरमध्ये चिखल किंवा ओल शिरून हा पिवळा दिवा लागू शकतो. मात्र दोन्ही दिवे एकाच वेळी पेटले, तर पुढील व मागील चाकांतील ब्रेकच्या जोराची विभागणीही बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक दाबताच मागील चाके अडकून गाडी फिरण्याचा धोका तेव्हा संभवतो.

किल्ली फिरवताच लाल दिवा काही क्षण लागून विझणे हे निरोगी यंत्रणेचे लक्षण होय. तो मुळीच न लागणे हाही दोषच. त्याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

सर्वांत साधे कारण अर्धवट सुटलेला हँडब्रेक. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड अथवा विटांचे ओट लावून हँडब्रेक पूर्ण ओढावा व पुन्हा पूर्ण सोडावा. दिवा विझला नाही तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची अर्धपारदर्शक टाकी पाहावी. तिच्यावर किमान व कमाल पातळीच्या खुणा असतात. पातळी किमान खुणेच्या आसपास असेल, तर केवळ वळणावर किंवा चढावर दिवा लुकलुकतो, कारण टाकीतील तरंगता सेन्सर त्या क्षणी खाली जातो.

पातळी घटण्याची कारणे दोन, आणि खरे निदान येथेच आहे. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतील द्रव तेथील वाढलेली जागा भरतो. ही घट संथ असते. अशा वेळी नुसता द्रव भरून दिवा विझवणे म्हणजे झिजलेले पॅड झाकून ठेवणे होय; नंतर नवे पॅड बसवताना तोच जादा द्रव टाकीबाहेर येतो. चाकाच्या फटीतून टॉर्चने पाहता पॅडची जाडी ३ मिलिमीटरच्या आत दिसली, तर ते बदलण्यास आलेले असतात. नवे पॅड साधारण १० मिलिमीटरचे असतात. याउलट, पातळी काही दिवसांत उतरली असेल तर गळती गृहीत धरावी. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवल्यास सकाळी डाग कोणत्या चाकाजवळ आहे ते कळते.

त्यानंतर पॅडल. इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. ताठच राहिले तर त्यात दोष आहे. स्पंजासारखे मऊ लागल्यास नळ्यांत हवा शिरलेली असते. पाय ठेवलेला असताना ते सावकाश तळाकडे बुडत असेल, तर बाहेर गळती असू शकते किंवा मास्टर सिलिंडरमधील सील गेलेले असते. मऊ वा बुडणारे पॅडल आणि लाल दिवा एकत्र असतील, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, टोच करावी.

‘ब्रेक ऑइल’ हे नाव मात्र फसवे आहे. बहुतेक मोटारींतील हा द्रव तेल नसून ग्लायकॉलवर्गीय रसायन आहे. त्यात इंजिन ऑइलचे थोडे प्रमाण मिसळले तरी रबरी सील फुगून निकामी होतात. टाकीच्या झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे जे लिहिले असेल तेच, आणि सीलबंद डब्यातील, वापरावे. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यानंतरची प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये असा जुना द्रव उकळला की नळीत वाफ होते आणि पॅडल पोकळ पडते. त्यामुळे साधारण दर दोन वर्षांनी तो बदलण्याचा प्रघात आहे. रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावा, अन्यथा रंग निघतो.