सुफळ संपूर्ण न झालेली कहाणी

१० जून २००७, रविवारची रात्र. न्यू जर्सीतल्या ब्लूमफिल्डमधलं ‘होल्स्टन्स’ हे जुनं आइस्क्रीमचं दुकान. माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो येऊन बाकावर बसतो, टेबलावरच्या ज्यूकबॉक्सवर गाणं लावतो. बायको येते, मुलगा येतो, कांद्याच्या तळलेल्या चकत्या येतात. जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस त्यांच्या बाजूने स्वच्छतागृहाकडे जातो. बाहेर मुलीला, मेडोला, गाडी काही केल्या नीट लावता येत नाही. मागे घे, पुढे घे असं करत एकदाची ती लागते आणि मेडो धावत सुटते. दारावरची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळाठिक्कर. आवाजही बंद. काही सेकंद नुसता अंधार.

‘द सोप्रानोज’चा हा ८६वा आणि शेवटचा भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी १९ लाख लोक पाहत होते. ऐन मोक्याला केबल गेली, असंच कित्येकांना वाटलं. श्रेयनामावली वर सरकू लागली तेव्हा कुठे उलगडा झाला की बिघाड कसलाच नाही, शेवटच हा आहे! टोनी मेला की जगला? आठ वर्षं या माणसासोबत काढलेल्या प्रेक्षकांना साधं एवढंही सांगितलं गेलं नव्हतं. लोक भयंकर चिडले. निर्माता डेव्हिड चेस तेव्हा फ्रान्समध्ये होता. शेवटाचं स्पष्टीकरण देण्यात आपल्याला रस नाही, असं त्याने तिथून सांगून टाकलं.

मालिकेने नीट शेवट करावा ही अपेक्षा तशी फार जुनी नाही. पूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक मालिका संपत नसत, नुसत्या बंद पडत. हे बदललं ‘द फ्युजिटिव्ह’ने. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉ. रिचर्ड किंबल चार वर्षं पोलिसांना चुकवत एका हाताच्या माणसाला शोधत होता. २९ ऑगस्ट १९६७ च्या रात्री त्याच्यावरचा आळ फिटला. तो भाग पाहायला सुमारे ७ कोटी ८० लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. घातलेलं कोडं सोडवलं जातं, हे प्रेक्षकांनी त्या रात्री पाहिलं आणि मनात पक्कं केलं.

‘ट्विन पीक्स’ने १९९० मध्ये याच भरवशाला हात घातला. लॉरा पामरचा खून कोणी केला? मे महिन्यात पहिलं पर्व संपलं तरी उत्तर नाही. निर्माता डेव्हिड लिंचला ते कधी द्यायचंच नव्हतं. त्याच्या लेखी ते गूढ हाच मालिकेचा प्राण होता. पण एबीसी वाहिनीने रेटा लावला आणि नोव्हेंबरमध्ये खुनी उघड झाला. त्यानंतर प्रेक्षक हळूहळू पांगले. १० जून १९९१ ला मालिकेचा गाशा गुंडाळला गेला, तोही नायकाला भयंकर अवस्थेत सोडून.

‘द किलिंग’ची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे प्रेक्षकांचा राग शंभर टक्के रास्त होता. एएमसी वाहिनीने २०११ मध्ये जाहिरातीतूनच सवाल टाकला होता: रोझी लार्सनला कोणी मारलं? तेरा भाग लोकांनी सिअॅटलच्या पावसात तपास पाहिला. १९ जूनच्या भागात संशयित पकडला गेला, तपास अधिकारी सारा लिंडन विमानात जाऊन बसली, आणि तेवढ्यात आलेल्या फोनवरून तिला कळलं की पुराव्याचा फोटोच बनावट आहे. पर्व तिथेच संपलं. मूळ डॅनिश मालिकेने हेच कोडं २० भागांत सोडवलं होतं. इथे उत्तरासाठी १७ जून २०१२ पर्यंत थांबावं लागलं आणि तोवर अनेकांनी नाद सोडला होता. भिंतीभिंतीवर प्रश्न लावून लोकांना बोलवायचं आणि ताटावरून उठवायचं, ही प्रेक्षकांची फसवणूकच.

चेसने असा शब्द कधी दिलाच नव्हता. ‘द सोप्रानोज’मध्ये जंगलात निसटलेल्या एका रशियनाचं पुढे काय झालं, हेही त्याने सांगितलं नाही. ‘ट्विन पीक्स’चा आपल्यावर प्रभाव आहे, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे. शिवाय टोनीच्या घरात दारावरची प्रत्येक घंटी अशीच ऐकावी लागते, मान वर करून. तो काळा पडदा प्रेक्षकांना काही क्षण टोनीच्या जागी बसवतो. म्हणून त्या रात्रीचा राग समजण्यासारखा असला, तरी शेवट प्रामाणिक होता.

‘होल्स्टन्स’ आजही चालू आहे. टोनी बसला होता तो टेबल-बाकांचा संच मार्च २०२४ मध्ये लिलावात निघाला. तो ८२,६०० डॉलरना विकला गेला.