आजीच्या ओव्या आणि दुसरी तार

मंडळी, मागच्या महिन्यात आजी गावाहून कोथरूडला आमच्याकडे राहायला आली होती. वय ८४. जात्यावरच्या ओव्या तिला अजून पाठ. म्हटलं, शनिवार मोकळाच आहे, रेकॉर्ड करून ठेवू. पंखा बंद केला, भिंतीला गादी टेकवली, साधा डायनॅमिक माइक लावला. आजी तासभर गायली. रात्री हेडफोन लावून ऐकतो तर मागे सतत "हूंऽऽऽ". आपल्या घरातली वीज, ५० हर्ट्झ!

फिल्टर लावून पाहिला. पण ही गुणगुण ५० वर थांबत नाही, १००, १५० अशा पटीत वर चढते. आजीचा आवाज नेमका तिथेच सुरू होतो. गुणगुण काढली की आवाजही पोकळ.

चूक अर्थात माझीच. केबलच्या एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला गिटारला असते तशी मोनो पिन. म्हणजे अनबॅलन्स्ड. वर ही पंधरा फुटी केबल लॅपटॉपच्या अडॅप्टरला चिकटून गेलेली!

या दुखण्याचा इतिहास शोधला तर तो थेट टेलिफोनपर्यंत गेला. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीचा रस्ता म्हणजे जमीन. त्यामुळे शेजारच्या टेलिग्राफच्या तारांची कटकट कानात यायची. १८८१ साली ग्रॅहम बेलने पेटंट घेतलं: जमीन सोडा, परतीला दुसरी तार द्या आणि दोन्ही एकमेकींना पीळ देऊन न्या. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडणार. पलीकडे दोघींमधला फरक तेवढाच घ्यायचा, की सारखं ते वजा! पुढे शहरांत विजेच्या ट्राम आल्या (आपल्या मुंबईत १९०७ मध्ये) आणि जमिनीतून परतणाऱ्या लाइनींचे हाल आणखी वाढले. मग दुसऱ्या तारेला पर्यायच उरला नाही. गंमत म्हणजे आपली पाव इंची पिनसुद्धा टेलिफोन ऑपरेटरच्या बोर्डावरूनच आलेली आहे.

रेडिओने हीच पद्धत उचलली. स्टुडिओपासून कंट्रोल रूमपर्यंत लांबच लांब तारा आणि माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्ट. मुंबईचं केंद्र १९२७ चं, पुण्याचं १९५३ चं. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून दर आठवड्याला 'गीतरामायण' लागायचं. आजी सांगते, वाड्यात एकच रेडिओ आणि सगळी आळी त्याच्यापुढे. गदिमा आणि बाबूजी सगळ्यांना ठाऊक असतात. माइकपासून निघालेल्या तारांची आठवण कुणाला येणार? असो.

आता कामाचं. माइकला कायम बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही टोकांना एक्सएलआर. इंटरफेसपासून स्पीकरला दोन्हीकडे सोय असेल तर टीआरएस, म्हणजे दोन काळ्या रिंगांची पिन. गिटार मुळातच अनबॅलन्स्ड. तिची केबल आखूड ठेवा, लांब न्यायची तर डीआय बॉक्स लावा. कीबोर्ड किंवा सीडी प्लेअर हातभर अंतरावर असेल तर साधी केबल चालते, उगाच पैसे घालवू नका. आणि लक्षात ठेवा, वजाबाकी केबल करत नाही, पलीकडचं यंत्र करतं. अनबॅलन्स्ड सॉकेटमध्ये महागडी बॅलन्स्ड केबल खुपसून काही होत नाही. विजेच्या वायरीला ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा, समांतर नको.

रविवारी तपकीर गल्लीत जाऊन नवी केबल आणली आणि आजीला पुन्हा बसवलं. आवाज अगदी स्वच्छ. एकामागून एक ओव्या झाल्या. माहेरच्या वाटेवरची एक मात्र, जी शनिवारी सहज आली होती, ती काही केल्या आठवेना. मी शनिवारचं रेकॉर्डिंग लावून तिला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हे कोण रे मागं जातं फिरवतंय?"

ती फाइल फिल्टर न लावता तशीच ठेवली आहे. तुमच्या घरी कुणाचा आवाज रेकॉर्ड करायचा राहिला असेल, तर आधी केबल बघा. दुसरा टेक दर वेळी मिळतोच असं नाही.