लांबारेनेची झोळी

मार्च 1913 मध्ये डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेन आफ्रिकेला निघालेल्या जहाजावर चढले, तेव्हा सामानाची 70 खोकी बरोबर होती आणि 2,000 मार्क सोन्याच्या नाण्यांत होते. युद्ध पेटलं तर नोटांना कोणी विचारणार नाही, हा त्यांचा होरा. गॅबनमधल्या ओगोवे नदीकाठी, पॅरिसच्या ख्रिस्ती मिशनच्या लांबारेने ठाण्यावर, त्यांना दवाखाना काढायचा होता. त्यासाठीचा पैसा मात्र मिशनचा नव्हता. लांबारेनेच्या देणग्यांची कुळकथा सुरू होते ती मिशनच्या अविश्वासापासून.

1904 च्या शरद ऋतूत पॅरिस मिशनच्या मासिकात श्वाइट्झर यांनी गॅबनमध्ये माणसं हवीत असा लेख वाचला. तेव्हा ते स्ट्रासबुर्गला धर्मशास्त्र शिकवत, प्रवचनं देत आणि ऑर्गन उत्तम वाजवत. तिशीत त्यांनी वैद्यकीला प्रवेश घेतला. पण येशूविषयीची त्यांची मतं मिशनच्या कर्मठ मंडळींना खटकत होती. अखेर श्वाइट्झर यांनीच तोड काढली: दवाखान्याचा खर्च माझा, आणि मी तिथे फक्त डॉक्टर म्हणून राहीन, प्रवचन करणार नाही.

मग दारोदार फिरणं आलं. पाहुणा म्हणून हसून स्वागत करणाऱ्यांचा सूर, हा मागायला आलाय हे कळताच कसा बदलायचा, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तरी झोळी भरली. ते जिथे प्रवचनं देत, त्या सेंट निकोलस चर्चच्या भाविकांनी दिलं. पॅरिसच्या बाख सोसायटीने मदतीसाठी मैफल केली. स्ट्रासबुर्गच्या जर्मन प्राध्यापकांनी तर फ्रेंच वसाहतीतल्या कामासाठी सढळ हाताने पैसे दिले. दोन्ही देशांत वैर धुमसत असताना घडलेली ही गोष्ट विसरता येत नाही.

लांबारेनेत पहिली तपासणीची खोली म्हणजे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. इथेही देणं एकतर्फी नव्हतं. ऐपतीप्रमाणे रोगी पैसे, केळी, अंडी, कोंबड्या आणून देत आणि त्यातून इतर रोग्यांचं पोट भरे.

1914 मध्ये युद्ध पेटलं. जर्मन नागरिक म्हणून हे दांपत्य आधी नजरकैदेत आणि 1917 मध्ये फ्रान्समधल्या छावणीत गेलं. सुटले तेव्हा प्रकृती ढासळलेली, डोक्यावर दवाखान्याचं कर्ज. ते फेडायचं कसं, हा प्रश्न होता. तेवढ्यात स्वीडनचे आर्चबिशप नाथान सॉडरब्लोम यांनी त्यांना 1920 मध्ये उप्सालाला व्याख्यानांसाठी बोलावलं. कर्जाची हकीकत ऐकून त्यांनी सुचवलं, की गावोगाव ऑर्गन वाजवा, आफ्रिकेवर बोला. काही आठवड्यांतच निकडीची देणी फेडण्याइतकी रक्कम जमली. लांबारेनेला परत जायचा निश्चय तिथेच झाला, आणि पुढे कित्येक वर्षं चाललेली वहिवाटही तिथेच पडली: मैफल, व्याख्यान, पुस्तक आणि देशोदेशींच्या स्नेह्यांच्या लहान लहान रकमा.

त्याच सुमारास लिहिलेल्या आफ्रिकेच्या आठवणींत मागण्याचं कारणही आहे, आणि या सगळ्या कथेत तेच सर्वांत मोलाचं वाटतं. गोऱ्यांनी वसाहतींत जे अत्याचार केले, त्यांपुढे आपलं देणं म्हणजे उपकार नाही, प्रायश्चित्त आहे, असं ते बजावतात. आणि दुखण्यातून जो वाचला, त्याच्यावर इतर दुखणाइतांचं ऋण असतं. देणगीदाराला दात्याच्या आसनावरून उतरवून ऋणकोच्या रांगेत बसवणारा हा विचार होता.

त्यांच्या वागण्यात मात्र तो पूर्ण उतरला नाही. आफ्रिकी माणूस आपला भाऊ खरा, पण धाकटा, ही त्यांची भूमिका होती आणि तिच्यावर झालेली टीका रास्तच आहे. 1924 मध्ये परतल्यावर, हगवणीची साथ आणि दुष्काळ सोसून, 1927 मध्ये त्यांनी दवाखाना नदीच्या वरच्या अंगाला नव्या जागी हलवला. तिथलं रान तोडलं ते रोग्यांच्या नातेवाइकांनी, रोजच्या शिध्याच्या मोबदल्यात. युरोपातल्या देणग्यांच्या बरोबरीने ती मेहनतही दवाखान्याच्या भांडवलात धरायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात युरोपची वाट बंद झाली, तेव्हा अमेरिकेतल्या स्नेह्यांनी औषधं धाडली. 1952 चं शांततेचं नोबेल मिळालं, तोवर श्वाइट्झर पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. ती रक्कम त्यांनी दवाखान्याजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या बांधकामात घातली.