समुद्रकिनाऱ्याची वहिवाट

समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालील समुद्रतळ राज्य शासनाचा, म्हणजेच पर्यायाने सर्वांचा. पुळणीवर फिरणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. अडवणूक होते ती पुळणीपर्यंत नेणाऱ्या वाटेवर. एक कुंपण, एक फाटक आणि एक पहारेकरी एवढे त्याला पुरते.

१९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने याची दखल घेतली होती. किनाऱ्यावरील दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांसाठी किमान २० मीटर रुंदीची जागा मोकळी सोडावी, खासगी कुंपणाने किनाऱ्याची वाट अडू नये, अशा अटी तिच्यात होत्या. कागदावरची वाट पायाखाली यायला मात्र वर्षे लागतात. गोव्यात दोना पावलानजीकच्या वायंगिणी किनाऱ्यावरील हॉटेलासाठी ऐंशीच्या दशकात सरकारने जमीन संपादित करून दिली, तेव्हाच्या करारात सार्वजनिक वाट खुली ठेवण्याची अट होती. तरीही तंटा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २००९ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला. अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व न्यायालयाने त्यात अधोरेखित केले.

वाट खुली असूनही किनारा गमावता येतो. मुंबईतील वर्सोव्याची सुमारे अडीच किलोमीटरची पुळण प्लास्टिकखाली गाडली गेली होती. तेथे जायला कोणाची मनाई नव्हती, पण पाय ठेवायला जागाही नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह तेथे सफाई सुरू केली. पुढे कोळी बांधव, विद्यार्थी, रहिवासी दर आठवड्याच्या श्रमदानात सामील झाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' पुरस्काराने गौरविले.

कचरा वेचणे हे निम्मेच काम. वेचलेला ढीग वेळेवर उचलला गेला नाही, तर पुढची भरती तो परत नेते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम काही काळ थांबली, त्याच्या कारणांत न उचललेला कचराही होता. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. पावसाळी भरतीबरोबर नाल्यांतले प्लास्टिक मात्र दरवर्षी तिच्यावर नव्याने येऊन पडते.