असईचा चिखल, ‘लॉयल्टी’चं डेक

२३ सप्टेंबर १८०३. तुम्ही असईजवळ केळणा नदीच्या काठावर उभे आहात. पाणी गढूळ आहे. पलीकडे दौलतराव शिंद्यांचं कवायती पायदळ नि तोफा. इंग्रज सेनापती वेलस्लीला अमोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. मग मधे उतार असणारच, एवढ्या अंदाजावर तो फौज पाण्यात घालतो. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे सुचलं असतं. उतार मात्र शिंद्यांनी राखलेला नाही. दिवस मावळेपर्यंत इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेलेली वा जखमी आहेत, आणि शिंद्यांच्या ९८ तोफा त्यांच्या ताब्यात.

या चिखलातून समुद्र दिसत नाही. तरी चला, एकशे बारा वर्षं पुढे.

१९१५. तुम्ही एका पांढऱ्या जहाजावर चढताय. नाळ एखाद्या धनिकाच्या खासगी यॉटसारखी निमुळती, पुढे झेपावलेली. तीन डोलकाठ्या, दोन धुराडी. इंग्लंडातल्या बॅरोच्या गोदीत १८९० मध्ये हे पाण्यात उतरलं, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावानं. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर ते योकोहामा, हाँगकाँग अशा त्याच्या फेऱ्या चालत. पहिलं महायुद्ध लागलं तसं दौलतरावांच्याच, ग्वाल्हेरच्या गादीवरच्या माधवराव शिंद्यांनी भोपाळच्या बेगम आणि इतर संस्थानिकांसह ते घेतलं. शौकासाठी नव्हे, जखमी हिंदी शिपायांसाठी. नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. निष्ठा! असईत ज्यांच्याशी तोफा डागून भांडलो, त्यांच्याशीच. माधवरावांना हे टोचलं असेल का? मला वाटतं, त्या काळी संस्थानिकाला असं टोचून घेणं परवडत नव्हतं.

खाली उतरा. जिथे पहिल्या वर्गाचे प्रवासी जेवत, तिथे आता खाटांच्या रांगा. कार्बोलिकचा वास नाकात बसतो. कुणी पाणी मागतो, कुणी नुसतं आईला हाक मारतो. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणीही लढताहेत. खाटेवरचा माणूस कुठल्या गावचा, हे विचारायचा धीर तुम्हाला होत नाही.

५ एप्रिल १९१९, मुंबई. खाटा गेल्या, जहाज पुन्हा प्रवासी झालंय. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे भागीदार यांनी ते विकत घेतलंय. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे जहाजाच्या जुन्या मालकाचंच. ‘लॉयल्टी’ लंडनला निघते. हिंदी मालकीच्या आगबोटीनं अशा लांबच्या वाटेवर जाणं म्हणजे ब्रिटिश कंपन्यांच्या मक्त्यात पाय घालणं. उद्या, ६ तारखेला, याच शहरात रौलट कायद्याविरुद्ध हरताळ आहे. तुम्ही कठड्याला रेलून उभे, आणि निष्ठेचं नाव कपाळावर मिरवणारी ही बोट चक्क साहेबाच्या धंद्याशी टक्कर द्यायला निघालीय. नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, की मुद्दाम तसंच ठेवलं?

पुढचे दिवस कठीणच. बोट म्हातारी, खर्च मोठा, समोर बलाढ्य कंपन्या.

१९२३. मुंबईतच तिला मोडताहेत. घणाखाली रिव्हेट उडतात, पत्रे पिळवटून खाली येतात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यांपुढे भंगाराचे ढीग पाहिलेल्या तुम्हाला हा खणखणाट ओळखीचा आहे. नाळेकडचा पत्रा निघतो. त्यावरची अक्षरं लावायला तुम्ही वाकता, तोवर हमालांनी तो काट्यावर टाकलेला असतो.