बुडून झालेल्या मृत्यूचे निदान : बाह्य लक्षणांपासून रेणूपर्यंत

प्रस्तावना :
पाण्यातून बाहेर काढलेला प्रत्येक देह बुडूनच मृत झालेला असतो असे नाही. जीव घेऊन प्रेत पाण्यात टाकणे हा गुन्हा लपविण्याचा जुना मार्ग होय. त्यामुळे पाण्यात पडताना मनुष्य जिवंत होता काय, हा न्यायवैद्यकातील मूलभूत प्रश्न ठरतो. त्याच्या उत्तरासाठी योजलेल्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

लक्षणे, शैवाले आणि रसायने :
चीनमधील न्यायाधिकारी सोंग त्सी याने १२४७ मध्ये रचलेल्या ग्रंथात नाकातोंडातील फेस, फुगलेले पोट आणि नखांतील वाळू-चिखल ही लक्षणे नोंदविली आहेत. १९०४ मध्ये रेव्हनस्टॉर्फ याने फुप्फुसातील डायटम या सूक्ष्म शैवालांकडे लक्ष वेधले. १९२१ मध्ये न्यूयॉर्क येथील विषशास्त्रज्ञ अलेक्झांडर गेटलर यांनी हृदयाच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या रक्तातील क्लोराइडची तुलना सुचविली. परंतु मृत्यूनंतर रक्ताचे घटक बदलत असल्याने ती विश्वसनीय ठरली नाही. १९४२ मध्ये इंत्से यांनी डायटम रक्तावाटे अन्य अवयवांत पोचतात हे दाखविले. रक्ताभिसरण चालू असेल तरच ते अस्थिमज्जेपर्यंत जातील, हा या परीक्षेचा आधार होय. मात्र न बुडालेल्यांच्या अवयवांतही डायटम आढळल्याने ती वादग्रस्त राहिली.

रेण्वीय जैवचिन्हके :
आधुनिक जैवचिन्हके दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेच्या साहाय्याने अवयवांतील प्लवकांचा डीएनए शोधला जातो. ही साक्ष पाण्याची असते. दुसऱ्या प्रकारात जिवंत शरीराने पाण्याला दिलेला प्रतिसाद तपासला जातो. २००९ मध्ये हायाशी व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यात बुडण्याने फुप्फुसातील ॲक्वापोरिन-५ या जलवाहक प्रथिनाची निर्मिती घटते, असे दाखवून गोड्या व खाऱ्या पाण्यातील मृत्यूंचा भेद ओळखण्याची शक्यता मांडली. तथापि पहिल्या प्रकाराला बाह्य दूषणाचा आणि दुसऱ्याला देह कुजण्याचा अडसर आहे. म्हणजे डायटम व क्लोराइड परीक्षांचे जुने दोष सूक्ष्म रूपात येथेही उरतात.

परीक्षेपलीकडील प्रश्न :
१९१५ मध्ये लंडन येथे चाललेला जॉर्ज जोसेफ स्मिथ याचा खटला या संदर्भात उद्बोधक आहे. १९१२ ते १९१४ या काळात त्याने विवाह केलेल्या तीन स्त्रिया स्नानाच्या टबात मृत आढळल्या. प्रारंभी तिन्ही मृत्यू अपघाती मानले गेले. त्या बुडाल्या होत्या हे उघड होते. बुडविणारा हात कोणाचा, हे मात्र तिन्ही घटनांतील विलक्षण साम्यावरून सिद्ध झाले. स्मिथला फाशी देण्यात आली.

निष्कर्ष :
जैवचिन्हके मृत्यूचे कारण अधिक नेमकेपणाने सांगू शकतील. अपघात, आत्महत्या की खून, हे सांगणे त्यांच्या कक्षेबाहेरचे आहे. तसेच चिन्ह न आढळणे म्हणजे न बुडणे नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल शवविच्छेदन, घटनास्थळ व परिस्थितिजन्य पुरावा यांच्यासह वाचला गेला, तरच मृताला न्याय मिळेल आणि निरपराध व्यक्ती शिक्षेपासून वाचेल.